पथ्य सांगून झालं, आता अडतं कुठे ते विचारा

प्रति,
सार्वजनिक आरोग्य खात्याचे अधिकारी, बृहन्मुंबई महानगरपालिका,
तसेच पालिकेच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत मधुमेहाचे रुग्ण पाहणारे डॉक्टर, सिस्टर, औषधनिर्माते आणि आरोग्यसेविका यांस,

विषय : मधुमेहाच्या रुग्णांना रोजच्या अडचणी सोडवायला शिकवण्याबाबत

सविनय नमस्कार.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीतली बहुतेक वर्षं मेडिसिनच्या वॉर्डात आणि ओपीडीत गेली. आता लालबागला एका मंडळाच्या खोलीत दर आठवड्याला मधुमेहाची माणसं जमतात, त्यांच्यात बसते. गिरणी कामगारांच्या घरातली म्हातारी माणसं, घरकाम करणाऱ्या बायका, टॅक्सीवाले, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, बँकेतून निवृत्त झालेले दोघे-तिघे. या बैठकांतून जे पक्कं कळलं त्याच्या जोरावर एकच मागणी करते आहे. रुग्णाला काय खावं आणि काय टाळावं हे आपण सांगतोच. पण आपली साखर नेमकी कुठे बिघडते हे शोधायला आणि त्यावर स्वतः तोडगा काढायला त्याला शिकवणं, हाही उपचाराचा भाग व्हावा. तो कोणा एका उत्साही सिस्टरच्या मर्जीवर न राहता नियमाने व्हावा आणि केस पेपरवर दिसावा.

रुग्ण किती आहेत हे मी आपल्याला सांगायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने पालिकेनेच २०२१ साली केलेल्या पाहणीत सुमारे १८ टक्के प्रौढ मुंबईकरांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या पातळीवर आढळली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशातल्या रुग्णांचा आकडा १० कोटी १० लाखांवर नेला. त्यानंतर पालिकेने काम वाढवलं हे आम्ही पाहतो आहोत. रुग्णालयांत एनसीडी कॉर्नर, म्हणजे मधुमेह-ब्लडप्रेशरसारख्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीचे कक्ष, आले. ‘आपला दवाखाना’ या नावाने सुरू झालेले पालिकेचे दवाखाने संध्याकाळीही उघडे असतात, त्यामुळे खाडा न करता दाखवता येतं. आरोग्यसेविका दारोदार फिरून साखर आणि ब्लडप्रेशर तपासतात, गोळ्या फुकट मिळतात. हे काम किती कष्टाचं आहे, हे मला आतून माहीत आहे.

तरीही गोळ्या घेऊन घरी गेलेल्या माणसाची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) पुन्हा तपासली की आकडा पुष्कळदा जिथल्या तिथे असतो. मग केस पेपरवर ‘पथ्य पाळत नाही’ असं लिहिलं जातं, गोळीचा डोस वाढतो आणि रुग्ण मान खाली घालून बाहेर पडतो. आमच्या गटातल्या कोणालाही उभं करून विचारा, गोड बंद, भात कमी, अर्धा तास चालणं, पायाची काळजी, सगळं तोंडपाठ आहे. माहितीचा तुटवडा नाहीच. तुटवडा आहे तो माहिती आणि जगणं यांची सांगड घालण्याच्या कसबाचा. हे कसब उपजत नसतं, ते शिकवावं लागतं आणि शिकवता येतं.

मानसशास्त्रात यावर काम होऊन अर्धं शतक उलटलं. थॉमस डिझुरिला आणि मार्व्हिन गोल्डफ्राइड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली याच्या पायऱ्या मांडल्या. अडचण नेमकी काय ते ठरवायचं, सुचतील तेवढे उपाय बिनधास्त पुढे ठेवायचे, त्यातला झेपणारा एक निवडायचा, करून बघायचा आणि जमलं की नाही ते तपासायचं. अमेरिकेतल्या मधुमेह-शिक्षकांच्या संघटनेने रुग्णाने स्वतः सांभाळायच्या सात गोष्टी मानल्या आहेत. योग्य आहार, हालचाल, साखर तपासत राहणं, औषधं, धोके टाळणं, मनाची उभारी आणि अडचणी सोडवणं. पहिल्या पाचांबद्दल आपल्या दवाखान्यांत काही ना काही बोललं जातं. शेवटच्या दोन्हींसाठी आपल्याकडे ना वेळ राखलेला आहे ना माणूस.

डॉ. फेलिशिया हिल-ब्रिग्ज यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात असताना हा विचार मधुमेहासाठी नीट बांधला. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या: अडचण सोडवण्याची रीत, अडचणीकडे बघायची वृत्ती, आजाराची माहिती आणि आयुष्यात आधी जे निभावलं त्यातून आलेलं शहाणपण. बाल्टिमोर शहरातल्या कमी उत्पन्नाच्या रुग्णांसाठी, कमी शिकलेल्यांनाही समजेल असं साहित्य वापरून त्यांनी वर्ग चालवले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, ज्यांना हे प्रशिक्षण सावकाश, अनेक बैठकांतून दिलं त्यांची एचबीएवनसी तीन महिन्यांत उतरली. ज्यांचं थोडक्यात उरकलं त्यांना तेवढा गुण आला नाही. अभ्यास लहान होता, पण ती माणसं आपल्या दवाखान्यांच्या रांगेतल्या माणसांसारखी होती, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो. आणि एचबीएवनसी थोडी उतरली तर काय झालं, असं कोणी विचारेल म्हणून सांगते. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या प्रदीर्घ अभ्यासात एचबीएवनसी १ टक्क्याने कमी असणाऱ्यांत डोळे, मूत्रपिंड अशा बारीक रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी दिसले होते.

हे कागदावरचं झालं. लालबागच्या खोलीत ते कसं दिसतं ते सांगते.

गटात एक सुरक्षारक्षक येतात, पन्नाशीचे. राहायला नालासोपारा, ड्यूटी अंधेरीच्या एका सोसायटीत, रात्री आठ ते सकाळी आठ. तीन महिन्यांची साखर नऊ टक्क्यांच्या वर. दोनदा गोळी वाढवून झाली होती. ते स्वतःच म्हणायचे, ‘सिस्टर, माझंच चुकतं, रात्री बिस्किटं खातो.’ आम्ही बिस्किटांचा विषय बाजूला ठेवला. त्यांना एक कोरा कागद दिला, त्यावर आडवी रेघ मारली, एका टोकाला संध्याकाळी पाच आणि दुसऱ्या टोकाला सकाळी दहा. म्हटलं, काल यात काय काय झालं ते आठवेल तसं भरा.

कागद भरत गेला तसं चित्र उलगडलं. रात्रीची गोळी जेवणाआधी घ्यायची, असं चिठ्ठीवर लिहिलेलं. कामावर विसरायला नको म्हणून ते घरून निघताना साडेपाचलाच गोळी घ्यायचे, वर फक्त चहा. लोकलमध्ये उभे. पोचल्यावर रजिस्टर, गाड्यांच्या नोंदी, नऊ वाजता सुपरवायझरची फेरी. डबा उघडायचे रात्री एकला, कारण गेट तेव्हा शांत होतं. दहाच्या सुमाराला हातपाय कापायचे, दरदरून घाम यायचा, डोळ्यांपुढे अंधारी. त्यांना वाटायचं, केबिनमध्ये पंखा नाही त्याचा हा उकाडा. अंगात बळ यावं म्हणून ग्लुकोज बिस्किटांचा पुडा आणि साखरेचा चहा. एकला डबा. चारला झोप उडवायला पुन्हा चहा-बिस्किटं. सकाळी ड्यूटी सुटल्यावर तसेच दवाखान्यात ‘उपाशीपोटी’ रक्त द्यायचे. आकडा अर्थातच वर. डॉक्टरांपुढे तो एकच आकडा, म्हणून गोळी वाढली. गोळी वाढली म्हणून दहा वाजताची थरथर वाढली आणि थरथर वाढली म्हणून बिस्किटं.

गटातल्या एकाने ग्लुकोमीटर, म्हणजे घरी साखर तपासायचं यंत्र, दिला. रात्री दहाची साखर निघाली ६२. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरली, हे त्यांना ओपीडीत ऐकून माहीत होतं. तो घाम म्हणजेच उतरलेली साखर, हे मात्र त्या रात्री पहिल्यांदा जुळलं.

मग उपाय. कोणी म्हणालं, दिवसपाळी मागा. कोणी म्हणालं, डबा नऊच्या आत खा. कोणी म्हणालं, गोळी डब्याबरोबर घ्या. टॅक्सीवाल्या काकांनी विचारलं, ‘घरून निघताना जेवत का नाही?’ तर बायको दुसऱ्यांकडे स्वयंपाकाला जाते आणि सहाला परतते. मग दुपारच्या स्वयंपाकातली एक भाकरी आणि भाजी झाकून ठेवायची, असा उपाय त्यांनीच काढला. निघण्याआधी भाकरी-भाजी, गोळी त्या जेवणाबरोबर, एकचा डबा निम्मा, शर्टाच्या खिशात साखरेची पुडी. थरथर झाली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, बिस्किटांचा पुडा फोडायचा नाही. आणि तो रेघेचा कागद डॉक्टरांना दाखवायचा, कारण गोळी बदलणं हे डॉक्टरांचं काम आहे, गटाचं नाही. डॉक्टरांनी कागद बघितला आणि डोस कमी केला. पुढच्या तपासणीत तीन महिन्यांची साखर आठाच्या खाली होती.

यात नवं औषध नव्हतं, महागडी तपासणी नव्हती. ग्लुकोमीटरच्या चार-पाच पट्ट्या, एक कागद आणि कोणीतरी न रागावता विचारलेला ‘मग पुढे काय झालं?’ एवढंच. डॉक्टरांना दोष देण्याचा माझा हेतू अजिबात नाही. शंभराची रांग समोर असताना कोणीही तो आकडा पाहून डोसच वाढवेल. म्हणूनच ही विचारपूस डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोचण्याआधी, दुसऱ्या कोणीतरी, वेगळ्या जागी बसून केली पाहिजे.

दुसरं उदाहरण इन्शुलिनचं. शिवडीकडे राहणाऱ्या एक ताई, तीन घरची कामं करतात. घरात फ्रिज नाही. इन्शुलिनच्या बाटल्या शेजारणीच्या फ्रिजमध्ये. शेजारीण मे महिन्यात कोकणात गेली, दाराला कुलूप, आणि ताईंचं इन्शुलिन बंद. दवाखान्यात विचारलं तेव्हा त्या ‘संपलं होतं’ म्हणाल्या. फ्रिज नाही हे सांगायची लाज वाटली. ही लाज आपल्या केस पेपरमध्ये कुठेच येत नाही, पण इन्शुलिन सुटण्यामागे मी ती फार वेळा पाहिली आहे.

गटात बोलणं झालं तेव्हा आधी माहिती पक्की केली. न उघडलेली बाटली दोन ते आठ अंशांत हवी, पण गोठता कामा नये. वापरात असलेली बाटली मात्र साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते, फक्त ते पंचवीस-तीस अंशांच्या पुढे जायला नको. म्हणजे प्रश्न सगळ्या बाटल्यांचा नव्हताच. मेडिकलवाल्याला विचारलं, न उघडलेल्या बाटल्या तो आपल्या फ्रिजमध्ये नाव लिहून ठेवायला तयार झाला. उघडलेलीसाठी माठाचा उपाय निघाला. पाण्याने भिजवलेल्या मोठ्या मडक्यात कोरडं लहान मडकं आणि त्यात झाकणाच्या डबीत बाटली. मुंबईच्या दमट हवेत माठ घाटावरच्यासारखा गार होत नाही, तेव्हा तो पत्र्याखाली न ठेवता मोरीजवळच्या सावलीच्या कोपऱ्यात, जिथे वारा येतो तिथे ठेवायचा, हे ताईंनीच ठरवलं. आपल्या घरात वारा कुठून येतो हे त्यांच्याशिवाय कोणाला माहीत असणार?

वृत्तीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ते सर्वांत कठीण आहे. गटातले एक आजोबा कधी बोलायचेच नाहीत. त्यांच्या वडिलांचा पाय कापला होता, थोरल्या भावाची नजर गेली होती. त्यांचं म्हणणं एकच, ‘आमच्या घराण्यात आहे, माझंही व्हायचं ते होणार.’ अशा माणसाला आहाराचा तक्ता देऊन उपयोग नसतो. एकदा पाण्याचा विषय निघाला. चाळीत पहाटे पाणी यायचं, तेही धारेला, आणि वरच्या मजल्यावर चढायचंच नाही. तेव्हा याच आजोबांनी मजल्यामजल्याच्या वेळा लावल्या होत्या, कोणाचा नळ किती मिनिटं ते वहीत लिहायचे, भांडणं झाली की वेळा बदलून बघायचे. मी विचारलं, तेव्हा तुम्हाला कुठे ठाऊक होतं की जमेल? म्हणाले, ‘करून बघितलं, नाही जमलं तर बदललं.’ मग त्यांना म्हटलं, साखरेची वही तशीच घाला. त्यांनी घातली. जेवणाआधी एकदा आणि दोन तासांनी एकदा, आठवड्यात एकाच दिवशी, पण त्या दिवशी काय जेवले ते शेजारी लिहून. थोड्या आठवड्यांत त्यांनीच आम्हाला सांगितलं की भातापेक्षा सकाळच्या खारी आणि दोन चहांनी आकडा जास्त उडतो. आता ते इतरांच्या वह्या तपासतात.

डॉ. हिल-ब्रिग्ज ज्याला आधीच्या अनुभवाचं शहाणपण म्हणतात ते मुंबईच्या चाळींत आणि वस्त्यांत भरपूर आहे. भिशी चालवणाऱ्या, रेशनच्या तारखा सांभाळणाऱ्या, सकाळच्या लोकलच्या हिशेबाने रात्रीच कणीक मळून ठेवणाऱ्या बायका आहेत. त्यांना आपण दवाखान्यात मात्र काहीच कळत नसल्यासारखं वागवतो.

बाकीच्या अडचणी थोडक्यात. चतुर्थी, एकादशी, नवरात्र: उपास मोडायला लावलं की रुग्ण खोटं बोलतो, त्याऐवजी साबुदाण्याला पर्याय काय आणि उपासाच्या दिवशी गोळ्यांचं काय करायचं हे आधी डॉक्टरांना विचारून ठेवणं जमतं. पावसाळा: पायाला मुंग्या येणाऱ्या, संवेदना कमी झालेल्या माणसाला हिंदमाता परिसरातल्या साचलेल्या पाण्यातून चालल्यावर कापलेलं कळत नाही, घरी पोचताच पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, घरातल्या दुसऱ्या कोणी तळवा बघायचा, हे आधीच ठरलेलं हवं. आणि घरात मागणं: सासूने सुनेकडे वेगळी भाजी मागायची कशी, याचा सराव आम्ही खोलीत दोघींना समोरासमोर बसवून केला आहे. वाक्य तोंडात बसलं की घरी म्हणता येतं.

एक धोकाही मांडायलाच हवा. ‘रुग्णाने आपल्या अडचणी स्वतः सोडवाव्यात’ याचा अर्थ सगळं त्याच्यावर ढकलून मोकळं होणं, असा होऊ नये. गटातल्या घरकामवाल्या ताई सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण ज्या घरांत काम करतात तिथे बाथरूम वापरू देत नाहीत आणि रस्त्यात बायकांसाठी स्वच्छ शौचालय नाही. साखर वाढली की लघवी वाढते, म्हणून त्या आणखी कमी पाणी पितात, मग लघवीचा संसर्ग, मग साखर आणखी वर. यावर ताईंनी कितीही डोकं लढवलं तरी शौचालय त्या बांधू शकत नाहीत. बारा तासांच्या पाळीत जेवणाची सुट्टी न मिळणारा सुरक्षारक्षक, फुटपाथच नसल्यामुळे चालायला न जाणाऱ्या आजी, यांचंही तेच. अशा वेळी गटाचं काम एवढंच, की ही अडचण कोणाची आहे ते स्पष्ट नाव घेऊन लिहून ठेवायचं. प्रत्येक दवाखान्यात अशा नोंदी जमल्या तर कुठल्या वॉर्डात कुठल्या अडचणीने साखर बिघडते याचा नकाशाच आपल्या हातात येईल, आणि तो घेऊन आरोग्य खातं पालिकेच्याच दुसऱ्या खात्यांशी बोलू शकेल.

आता काय करता येईल ते.

सुरुवात केस पेपरपासून करता येईल. गोळ्यांच्या नावांखाली दोन ओळी राखून ठेवाव्यात, एकीत रुग्णाची सध्याची अडचण त्याच्याच शब्दांत, दुसरीत त्याने करून बघायचं ठरवलेला उपाय. पुढच्या खेपेला सिस्टरने पहिल्यांदा तीच ओळ वाचून विचारायचं, ‘भाकरी झाकून ठेवायचं ठरलं होतं, जमलं का?’ नाही जमलं तर रागवायचं नाही, दुसरा उपाय शोधायचा. एवढ्या दोन ओळींनी संवादाचा सगळा सूर बदलतो, हे मी पाहिलं आहे.

वेळ नाही ही अडचण खरी आहे, पण रुग्णांचा वेळ दवाखान्यात वाया जातोच आहे. सकाळी नंबर लावून माणसं बाकड्यावर तास-दीड तास बसतात. त्यातला अर्धा तास, आठ-दहा जणांचा गट, एक सिस्टर किंवा आरोग्यसेविका. एका बैठकीत एकाच माणसाची अडचण घ्यावी, बाकीच्यांनी उपाय सुचवावेत. दुसऱ्याची अडचण सोडवताना आपली सुटल्याचं मी अनेकदा ऐकलं आहे.

प्रशिक्षण मात्र लागेल, आणि ते आहाराच्या व्याख्यानासारखं नको. आम्हा परिचारिकांच्या अंगात सूचना देणं मुरलेलं असतं. रुग्णाने अडचण सांगितली की आपल्या तोंडून लगेच उत्तर बाहेर पडतं, तो मान डोलावतो आणि घरी जाऊन काही करत नाही. उत्तर ओठांवर असताना गप्प राहून ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारणं हा सरावाचा भाग आहे, तो एकमेकींवर करून बघितल्याशिवाय येत नाही. आरोग्यसेविका यात आमच्यापेक्षा पुढे असतील असं मला मनापासून वाटतं. त्यांनी घरं आतून पाहिलेली असतात, फ्रिज कुठल्या घरात आहे आणि कुठल्या घरात नाही हे त्यांना विचारावं लागत नाही. फक्त हे काम त्यांच्या डोक्यावर फुकटचं आणखी एक ओझं म्हणून टाकू नये, त्याचा मोबदला वेगळा धरावा.

प्रत्येक दवाखान्यात दोन-चार ग्लुकोमीटर आठवड्यासाठी उसने द्यायला ठेवावेत, सोबत मोजक्या पट्ट्या. पट्ट्या महाग आहेत, रोज तपासणं आमच्या लोकांना परवडणारं नाही आणि सगळ्यांना रोज तपासायची गरजही नसते. एका ठरलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला, म्हणजे रात्री दहाला काय होतं किंवा खारीने किती चढते हे बघायला, चार-पाच पट्ट्या पुरतात. औषधाच्या खिडकीवरही एक प्रश्न वाढवता येईल: ‘ही गोळी तुम्ही नेमकी किती वाजता घेता, आणि त्यानंतर किती वेळाने जेवता?’ सुरक्षारक्षकांचा सगळा घोळ या एका प्रश्नावर पकडला गेला असता.

साहित्य मराठीत हवं, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळमध्येही हवं आणि वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांचं हवं. रेघेच्या कागदाला अक्षरांची गरज नाही. सूर्य, चंद्र, ताट, गोळी, एवढी चित्रं काढली तरी भागतं.

आणि हे उपयोगी पडतं की नाही हे मोजायला हवं. गटात बसलेल्यांची आणि न बसलेल्यांची एचबीएवनसी सहा महिन्यांनी शेजारी ठेवून बघा. साखर उतरून चक्कर येण्याचे प्रसंग किती, इन्शुलिन किती जणांचं सुटलं, हेही लिहून ठेवा. गुण दिसला नाही तर पद्धत बदलू या.

सगळ्या मुंबईत एकदम सुरू करा, असं मी म्हणत नाही. एफ दक्षिण विभागातले दोन-तीन दवाखाने घ्या, परळ, लालबाग, शिवडी. पावसाळ्याच्या आधी सुरुवात झाली तर पायांच्या जखमांचा विषय पहिल्याच बैठकांत घेता येईल. आमच्या गटातली माणसं येऊन आपापली वही दाखवायला आणि सिस्टर, आरोग्यसेविकांपुढे बोलायला तयार आहेत. मीही येईन, त्यासाठी मला कसलं मानधन नको. रात्रपाळीवाल्यांची ड्यूटी सकाळी आठला सुटते आणि त्यांना दवाखान्यात पोचायला तासभर लागतो, तेव्हा त्यांच्या गटाची वेळ साडेनऊच्या आधीची ठेवू नये, एवढी विनंती.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका
लालबाग, मुंबई